ठेच्यातली गोळी

ती घटना आठवली की आजही मला आधी राग येतो, तो खबर द्यायला आलेल्या माणसाचा. मग नाइलाजाने कबूल करावं लागतं, की तो आला नसता तर एक माणूस हकनाक गेला असता. पोलिसाच्या नोकरीत हे असंच चालतं. चांगल्या माणसाने चांगल्या हेतूने आणलेली खबर मी फार कमी पाहिली. बहुतेक खबरी भाऊबंदकीतून येतात, नाहीतर शेजारच्या भिंतीला कान लावून येतात. त्यातले खडे वेचायचे आणि दाणे ठेवायचे, एवढंच आपल्या हातात असतं.

मी मूळचा अमरावतीचा. त्या वेळी अकोला जिल्ह्यात, बार्शीटाकळीच्या बाजूला, एका ठाण्याचा प्रभारी होतो. ती वर्षं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. ग्रामीण रुग्णालयातून ठाण्यात फोन यायचा, “साहेब, एमएलसी आहे.” म्हणजे पोलिसांनी नोंद घ्यावी असा रुग्ण आलेला आहे. स्टेशन डायरीत नोंद करायची, जमादाराला घेऊन निघायचं, पंचनामा करायचा, फवारणीच्या औषधाची बाटली मुद्देमाल म्हणून जप्त करायची आणि ती कोणत्या दुकानातून आली हे शोधून दुकानदाराचा जबाब घ्यायचा. त्या काळात आमच्याकडे चोऱ्या, मारामाऱ्या होत्याच. पण सकाळी फोन वाजला की ठाण्यातले सगळे एकमेकांकडे पाहायचे, ते या एका फोनच्या धास्तीने.

या जबाबांमुळेच माझी त्या दुकानदाराशी ओळख झाली. गावात त्याचं कृषी केंद्र होतं: बियाणं, खत, फवारणीची औषधं. माणूस सरळ होता. दोन वेगवेगळ्या प्रकरणांत बाटली त्याच्या दुकानातली निघाली, म्हणून दोनदा त्याला बोलावलं. कायद्याने त्याचा काडीचा दोष नव्हता. कपाशीवर मारायला म्हणून माणूस औषध मागतो, दुकानदार देतो. पहिल्या वेळी त्याने बरंच काही सांगितलं, गेलेला माणूस शाळेत त्याच्या मागच्या बाकावर बसायचा, वगैरे. दुसऱ्या वेळी फक्त “हो, माह्याच दुकानातली” एवढं म्हणाला. जबाब संपला, सही झाली, जा म्हटलं, तरी बाहेरच्या बाकावर कितीतरी वेळ बसून राहिला. आमच्या जमादाराने चहा आणून दिला, तर तो तसाच निवला.

हे जमादार अकोल्याचे, जुन्या मुसलमान घरातले, आणि बोलायला मोठे गोड. ते मला म्हणाले, “साहब, ये आदमी का मन दुकान में नहीं रहा. गल्ल्यावर बसते, पन गिऱ्हाईक आलं की घाबरते.”

मी ऐकून घेतलं. त्यावर करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

पुढे कपाशीची बोंडं फुटायला लागली त्या सुमाराला, एका सकाळी फोन आला तो याच दुकानदाराबद्दलचा. दुकान उघडून बसला, डोकं फार दुखतं म्हणाला, भडाभड उलटी केली आणि पोत्यांवर कोसळला. गावाने क्षणात निदान करून टाकलं: “घेतलं त्यानं बी.” चारी बाजूंनी फवारणीच्या बाटल्या आणि मधे बेशुद्ध माणूस, दुसरं कोण काय म्हणणार?

मी आणि जमादार दुकानात गेलो. पंचनामा केला. सगळ्या बाटल्यांची सीलं जागच्या जागी होती. ग्लास नाही, वास नाही, ओठांवर डाग नाही. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण त्यांचं डोकं थंड होतं. त्या काळात असा रुग्ण आला की हात आपोआप विषावरच्या उताऱ्याच्या इंजेक्शनाकडे जायचा. त्यांनी आधी डोळे पाहिले, तोंड पाहिलं. म्हणाल्या, “विषबाधेत तोंडाला फेस येतो, लाळ गळते. याचं तोंड कोरडं ठाक आहे. आणि रक्तदाब इतका वर आहे की माझा यंत्रावर विश्वास बसेना, मी दुसरं यंत्र मागवलं.” त्यांनी त्याला तातडीने अकोल्याला एका मोठ्या दवाखान्यात हलवलं. पोटातून काढलेला नमुना रासायनिक विश्लेषकाकडे पाठवायला आमच्या ताब्यात आला. त्याचा अहवाल यायला महिने लागतात. तोवर माणूस एकतर घरी आलेला असतो, नाहीतर त्याचं वर्षश्राद्ध जवळ आलेलं असतं.

दुपारी मी ठाण्यात कागद करत होतो, तेव्हा दुकानदाराचा मोठा भाऊ आला, त्याला अकोल्याला दाखल करून परतलेला. दोघं भाऊ वेगळे झालेले. मधे एक भिंत आणि भिंतीइतकंच जाड वैर. तो खुर्चीवर बसला नाही, दारातच उभा राहिला. मी पाहिलंय, खात्रीची खबर देणारा बसतो. पश्चात्ताप व्हायची भीती असलेला दाराजवळ उभा राहतो.

“साहेब, हे फवाऱ्याचं काम नाई,” तो म्हणाला. “माह्या भावाले घरातूनच देऊन राहिले. थोडं थोडं.”

“कोण?”

“बायको त्याची. माह्या घरच्या बाईनं आपल्या डोयानं पाह्यलं. खलबत्त्यात पांढरं काहीतरी कुटते आन् त्याच्या ठेच्यात मिसयते. फक्त त्याच्याच वाटीत. पोरीले त्या वाटीले हात लावू देत नाई.”

“कधीपासून?”

“दसऱ्याच्या आधीपासून असंन. तवापासून माह्या भावाचं पाहा ना तुमी. दिवसभर लोट्याले तोंड लावून बसे. दुपारी दुकानात डुलक्या. जीभ जड येते म्हने. जहराशिवाय होते का असं?” आणि मग आवाज उतरवून, “आन् तिचं डोकं बी ठिकान्यावर नाई साहेब. थे मनाच्या आजाराचं शिबिर लागलं होतं ना तालुक्याले, तिथं रांगेत उभी होती ती. येड्याच्या डाक्टरपाशी.”

त्याला एवढंच विचारलं, की तुझ्या बायकोने हे दसऱ्याच्या आधी पाहिलं, तर तू आज का आलास? तो पायऱ्या उतरून चालता झाला. माझा पारा चढला होता. जमादारांनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला, तो मी प्यालो आणि निघालो.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. हा नियम पुष्कळांना जाच वाटतो. मला तो फार उपयोगी वाटत आलाय. ठाण्यात माणूस एकच चेहरा घेऊन येतो; घरात त्याची भांडी, दोऱ्या, कपाटं, सगळं बोलत असतं. बरोबर महिला शिपाई घेतली आणि आम्ही गेलो.

दुकानदाराची बायको स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. चाळिशीच्या आतबाहेरची, अंगाने बारीक, नजर मोठी लखलखीत. नवऱ्याला अकोल्याला नेताना दिराने तिला गाडीत बसू दिलं नव्हतं. मुलगी आतल्या खोलीत रडत होती. खलबत्ता धुऊन पालथा घातलेला होता. मी तो जप्त करायला सांगितलं, पंच बोलावले. तिने स्वतः उठून तो जमादारांच्या हातात दिला.

“बाई, तुम्ही नवऱ्याच्या ठेच्यात काही मिसळत होता?”

“हो.”

मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल, शपथा घेईल, जावेला शिव्या देईल. माझे पुढचे चारपाच प्रश्न त्या हिशेबाने तयार होते. ते सगळे वाया गेले.

“काय मिसळत होता?”

खलबत्त्याची रिकामी जागा ती पदराने पुसू लागली.

“विष होतं?”

“तुमाले जे लिहाचं थे लिहा साहेब. मले घेऊन चला.”

“तुम्हाला माहीत आहे, हे कबूल केलं तर काय होईल?”

“मालूम आहे. चला.” आणि खरंच पायांत चपला घालायला उठली.

नोकरीत मी खोटं बोलून सुटू पाहणारे हजार पाहिले. खरं लपवायला तुरुंगात जायला निघालेली बाई पहिल्यांदाच पाहत होतो. मी तिला बसवलं. पुन्हा विचारलं, वेगळ्या बाजूने विचारलं, महिला शिपायाने एकटीने विचारलं. ती हललीच नाही. उत्तर एकच: लिहा आणि न्या. मी आवाज चढवणाऱ्यातला नाही, तरी एकदा चढवला. त्याने आतल्या मुलीचं रडणं तेवढं वाढलं.

तेवढ्यात अकोल्याहून डॉक्टरांचा फोन आला. वयस्कर, अनुभवी माणूस. माझी त्यांची जुनी ओळख.

“साहेब, तुमचा रुग्ण माझ्या हातात राहत नाहीये,” ते म्हणाले. “डोक्यात रक्तस्राव सुरू झालाय, थोडा आहे अजून. पण दाब उतरला नाही तर थोडा राहणार नाही. भाऊ सांगून गेला की याला जुना रक्तदाब आहे, वर्षानुवर्षं एकच गोळी, आणि ती कधी चुकत नाही. मीही तीच चालू ठेवलीय, वर आणखी देतोय. उपयोग नाही. रोज गोळी घेणाऱ्याचा दाब असा भडकतोच कसा? फवारणीचं विष नाही हे नक्की, पण त्याच्या पोटात आणखी काहीतरी गेलंय. ते काय आहे हे मला कळलं, तर मला नीट काही करता येईल. नाहीतर मी अंधारात दगड मारतोय.”

फोन ठेवला. आता प्रश्न गुन्ह्याचा राहिला नव्हता. माणूस जिवंत होता आणि त्याच्या जिवाची किल्ली या गप्प बसलेल्या बाईच्या तोंडात होती.

मी ओसरीवर येऊन बसलो आणि भावाने आणलेली खबर पुन्हा निवडायला घेतली. पांढरी पूड. शिबिराची रांग. दिवसभर पाणी. दुपारची झोप. जड जीभ. ऊन कडक होतं, आम्ही येऊन तास होत आला होता आणि आमच्या महिला शिपायाने दोनदा पाणी मागून घेतलं होतं. त्या बाईने एकदाही घोट घेतला नव्हता. बोलत होती ती खणखणीत, नजर जागी.

आणि मला माझी थोरली बहीण आठवली. तिचे यजमान अचानक गेले, तेव्हा तिची झोप गेली, जेवण गेलं. अमरावतीच्या एका डॉक्टरांनी तिला मन उदास होण्यावरच्या गोळ्या दिल्या होत्या, जुन्या, स्वस्त, ‘ट्रायसायक्लिक’ म्हणतात त्या जातीच्या. गोळ्यांनी ती माणसात आली. पण ते सहा-आठ महिने तिच्या गालात सतत आवळा सुपारी असायची, कारण तोंडाला कोरड पडायची. आणि दुपारी बोलता बोलता डोळा लागायचा. आमच्या घरात त्या गोळ्यांना सगळे ‘डोकेदुखीच्या गोळ्या’ म्हणत. मीसुद्धा तेच म्हणत होतो. पाहुण्यांसमोर दुसरं काय म्हणणार?

शिबिराला गेली ही, आणि तोंड सुकलं नवऱ्याचं.

मी आत गेलो. वही मिटली, जमादारांना बाहेर बसायला सांगितलं आणि तिच्यासमोर फरशीवर बसलो. तिला माझ्या बहिणीचं सगळं सांगितलं. आवळा सुपारीचं सांगितलं, आम्ही डोकेदुखी म्हणायचो तेही सांगितलं. ती पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहायला लागली.

“बाई, शिबिरात तुम्ही स्वतःसाठी गेला नव्हता,” मी म्हटलं. “त्याच्यासाठी गेला होता.”

तिने नजर खाली वळवली.

“अकोल्याच्या डॉक्टरांचा आत्ता फोन आला होता. त्याने फवाऱ्याचं औषध घेतलेलं नाही.”

“नाई घेतलं?” ती एकदम पुढे सरकली. “खरं सांगून राहिले का तुमी? त्यायनं नाई घेतलं?”

“नाही. पण त्याचं प्रेशर उतरत नाही. त्याच्या पोटात काय गेलं हे कळलं तर डॉक्टर त्याला वाचवतील. ते फक्त तुम्हाला माहीत आहे.”

मग मात्र बांध फुटला. ती रडली, कपाळ बडवून रडली, आणि रडता रडता सगळं बोलली.

“मले वाटलं त्यायनं बी घेतलं साहेब. दोन वर्सं झाले, झोपत नाई. राती उठून दुकानाचं कुलूप पाह्यते. म्हने, मी इकतो थेच लोकं पेऊन राहिले. डाक्टरकडं चला म्हनलं तं अंगावर आले, मी येडा आहो का? मंग मीच गेली शिबिरात. रांगेत बसली. डाक्टर म्हने, काय होते बाई? म्या त्यायचंच सांगतलं, माह्यं म्हून. झोप येत नाई, घास उतरत नाई, जगाव वाटत नाई. म्हने, किती दिवसापासून? म्या त्यायचे दिवस सांगतले. म्हने, प्रेशर आहे का? आन् माह्या दंडाले पट्टा बांधून पाह्यलं. बराबर निंघालं.”

“आणि गोळ्या दिल्या.”

“दिल्या. कडू जहर. दुधात घातली तं त्यायनं थुकली. मंग ठेच्यात टाकली, तिखटानं कयत नाई. गुन बी आला साहेब! झोपाले लागले होते राती. मी देवाले नारय फोडलं.”

“मग हे मघाशी का नाही सांगितलं?”

तिने पदराने तोंड पुसलं. “पोरीची सोयरीक झाली अमरावतीची. पोरगा नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत आहे. माहीत पडलं की बाप येड्याच्या गोया खाते, तं पोरीले कोन करीन? आन् तुमी बी म्हनले असते, मनाचा बिमार होता, त्यानं जीव द्याले घेतलं. मंग त्यायच्यावर केस. वाचले तरी ठान्यात. त्याच्यापरीस मीच चालली. बायको वाईट निंघाली तं लोकं बापाची दया करतात.”

त्या काळात जीव द्यायचा प्रयत्न करणं हाही गुन्हाच होता. तिने कायदा बरोबर धरला होता. दुकानदाराची बायको होती ती, दोन जबाबांनंतर नवऱ्याने घरी येऊन काय काय सांगितलं असेल, ते तिने ऐकलं असणार.

गोळ्यांचं पाकीट तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी होतं. मी डॉक्टरांना फोन लावला आणि त्यावरचं नाव अक्षर अक्षर वाचून दाखवलं. पलीकडे डॉक्टरांनी ते नाव परत उच्चारलं. मग म्हणाले, “बास. कळलं.” आणि फोन ठेवून दिला. मला तो त्यांचा उद्धटपणा त्या दिवशी फार आवडला.

डॉक्टरांनी मला दोन दिवसांनी हे सगळं समजावून सांगितलं. ती मनाची गोळी वाईट नाही. शिबिरातल्या डॉक्टरांचंही काही चुकलं नव्हतं. त्यांनी विचारायचं ते विचारलं, तपासायचं ते तपासलं. फक्त तपासलं ते शरीर दुसऱ्याचं होतं. दुकानदार रक्तदाबाची जी जुनी गोळी घ्यायचा, तिचं आणि या जातीच्या गोळीचं जमत नाही. एकीने दाब धरून ठेवायचा आणि दुसरीने तिचे हात सोडवायचे, असं ते चाललं होतं. जुनी गोळी रोज पोटात जात होती, पण असून नसल्यासारखी. दाब आत चढत गेला आणि त्या सकाळी डोक्यातली एक बारीक नस फुटली. कारण कळल्यावर डॉक्टरांनी दोन्ही गोळ्यांचा हिशेब धरून वेगळ्या मार्गाने औषध दिलं, आणि संध्याकाळपासून दाब उतरायला लागला.

आमच्या वऱ्हाडात ही चाल जुनी आहे. पुरुष दवाखान्याची पायरी चढत नाही, बाई त्याच्या वतीने जाते. त्याचा खोकला ती स्वतःचा म्हणून सांगते आणि पुडी आणून त्याला देते. देवाला नवस तीच बोलते, उपास तीच करते. तर रोगही तिनेच सांगितला तर काय बिघडलं, असा सरळ हिशेब. वैद्याच्या काढ्यापर्यंत तो खपून जायचा. या गोळ्यांना खपत नाही.

वरिष्ठांकडे अहवाल पाठवला. गुन्हा दाखल करण्यासारखं काही नाही, असं माझं मत लिहिलं आणि पुढे तेच ग्राह्य धरलं गेलं. मोठ्या भावाला बोलावून डॉक्टरांचं म्हणणं वाचून दाखवलं. तो म्हणाला, “मले काय मालूम साहेब.” बरोबरच होतं. त्याला काही मालूम नव्हतं, तरी तो सगळं सांगून गेला होता. त्याचे आभार मानायला माझी जीभ वळली नाही.

मुलीची ती सोयरीक मोडली, हेही इथेच सांगून टाकतो. गावात बातमी राहते थोडीच! अमरावतीकडच्यांनी काही कारण काढलं, पण कारण हेच होतं. पुढे तिचं अकोल्यात लग्न झालं आणि बरं चाललंय असं कानावर आलं. पण त्या वेळी घाव बसायचा तो बसलाच. “मोडली तं मोडली,” तिची आई मला म्हणाली. “पोरीले बाप तं राह्यला.”

दुकानदार शुद्धीवर आला, बोलायला लागला, तेव्हा जबाब घ्यायला मी अकोल्याला गेलो. त्याची उजवी बाजू लुळी पडली होती, शब्द सावकाश येत होते, पण येत होते. बायको उशाशी स्टुलावर बसून संत्र्याच्या फोडी सोलत होती. आता डॉक्टरांनी त्याला त्याच्याच नावावर, त्याला विचारून, दुसऱ्या जातीचं औषध सुरू केलं होतं, आणि तो ते घेत होता. जबाब म्हणजे नुसती औपचारिकता होती. कागद पुरा करायचा आणि निघायचं. मी ठरलेले प्रश्न विचारत गेलो.

“जेवणाची चव वेगळी लागत होती का?”

“लागे,” तो म्हणाला. “ठेचा कडू लागे. जीभ बधिर होये.”

“कशामुळे असेल, असा विचार नाही केला?”

“केला ना. मले पहिल्याच दिसी समजलं, हे काईतरी घालून राहिली. पांढरं दिसलं बी एकडाव. मले वाटलं, जहर आहे.”

बायकोच्या हातातली फोड तशीच राहिली.

“विष वाटलं, तरी खाल्लं?” मी विचारलं.

“खाल्लं. रोज खाल्लं.” त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर उतरलं, ते पुसायला त्याने हात उचलला नाही. “माह्या दुकानातलं लोकायनं घेतलं. तवा मले बी कोनीतरी देनारच होतं ना साहेब.”

“मी?” ती उभी राहिली. “मी देईन तुमाले जहर? इतल्या वर्सात एवढंच वयखलं मले? आन् वाटलं तं फेकून काहून नाई देल्ली वाटी? इचारलं काहून नाई?”

तो तिच्याकडे वळू शकत नव्हता. छताकडे पाहूनच म्हणाला, “तुह्या हातचं होतं. म्हून तं खाल्लं.”

मी तीस वर्षांच्या वर नोकरी केली. प्रेतं पाहिली, दंगली पाहिल्या, फाशीची शिक्षा ऐकताना हसणारा माणूस पाहिला. त्या खोलीत मात्र मला वर पाहवेना. मी वहीत लिहिलं: ‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ बाकीचं लिहिलं नाही. ते सरकारच्या कामाचं नव्हतं. सही करायला त्याचा हात चालत नव्हता, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घ्यायचा ठरला. शाईच्या गादीवर तोही नीट टेकेना, तेव्हा तिने डोळे पुसले, त्याचा अंगठा आपल्या दोन्ही हातांत धरला आणि कागदावर टेकवला.

एमएलसीचे फोन त्यानंतरही येत राहिले. आम्ही जात राहिलो, पंचनामे करत राहिलो, बाटल्या जप्त करत राहिलो. विष कोणी दिलं, काय दिलं, किती दिलं, एवढंच शोधायला आम्हाला शिकवलेलं असतं. माणूस ते मुकाट्याने का खातो, हे आम्हाला कुठल्याही प्रशिक्षणात सांगत नाहीत. त्या प्रकरणानंतर मी एक सवय लावून घेतली आणि ती निवृत्तीपर्यंत सोडली नाही. गेलेल्याचा भाऊ असो, बाप असो, की औषध विकणारा दुकानदार असो, जबाब संपला, सही झाली, की मी वही मिटायचो आणि विचारायचो, “झोप लागते का?”

या प्रश्नाला लगेच ‘हो’ म्हणणारे फार थोडे भेटले. बाकीचे जागचे उठायचे नाहीत. मग मी जमादारांना चहा सांगायचो आणि तिथेच बसून राहायचो.